वलांडीवरचा बास्केटबॉल

बास्केटबॉलच्या चेंडूला काकींनी जन्मात कधी हात लावलेला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. दांडी गावात बास्केटबॉलचं मैदान नव्हतं. काकींना इंग्रजी येत नव्हतं आणि अमेरिका कुठं आहे असं विचारलं असतं, तर त्यांनी समुद्राकडे हात करून "त्या तिकडं" म्हणून सांगितलं असतं. तरीही त्या खेळातलं त्यांना जेवढं कळायचं, तेवढं कळणारं दुसरं माणूस मला अजून भेटलेलं नाही. टीव्हीवर कोट घालून बोलणारे धरूनच म्हणते आहे.

मी बोईसरच्या एका औषधाच्या कारखान्यात लॅबमध्ये लागले, तेव्हा कंपनीजवळ एकेका खोलीत चार-चार पोरी कोंबलेल्या. मला झोपेत कुणाचा पाय लागलेला खपत नाही. म्हणून मी जवळच समुद्राकाठी दांडीत काकींच्या, म्हणजे माझ्या घरमालकिणीच्या, घरामागची खोली घेतली आणि शेअर रिक्षानं ये-जा सुरू केली. मी सांगलीकडची, मासा आमच्याकडे वर्षातून दोनदा, तोही नदीतला. पहिल्या सकाळी मला जाग आली ती बोंबलाच्या वासानं आणि पाठोपाठ कुणीतरी इंग्रजीत बोंबलत होतं त्यानं.

बाहेर येऊन बघते तर अंगणात वलांडी. म्हणजे बोंबील वाळत घालायची बांबूची उंच मांडणी, आडव्या दोऱ्या ताणलेली. काकी एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी दोरीवर टाकत होत्या, न बघता, सटासट. कारण डोळे होते खिडकीकडे. घरातल्या टीव्हीचं तोंड त्यांनी अंगणाकडे फिरवून ठेवलं होतं आणि त्यात सहा-सात फुटी माणसं उड्या मारत होती. तिकडची रात्र ती आपली सकाळ, त्यामुळे सामने बरोबर बोंबलाच्या वेळेला लागायचे. एका क्वार्टरला, म्हणजे पाव सामन्याला, एक टोपली, असा काकींचा हिशेब. सामना जादा वेळात गेला, तर शेजारणीच्या टोपलीलाही हात लावायच्या.

हा नाद कसा लागला, हे मी चारदा विचारलं आणि चार उत्तरं मिळाली. एकदा म्हणाल्या, पाय मोडून पडले होते तेव्हा टीव्ही त्याच चॅनलवर अडकला. एकदा म्हणाल्या, भाऊ जहाजावर होता, त्यानं बनियन आणलं होतं तिकडच्या एका संघाचं. एकदा म्हणाल्या, क्रिकेट बघत बसलं तर दिवस जातो आणि मासळी नासते. चौथ्यांदा विचारलं तेव्हा मलाच विचारलं, "तुला भात आवडतो तो का आवडतो?"

खेळाडूंची खरी नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. ती त्यांच्या आईबापांना ठाऊक, आपल्याला काय करायची, असं त्यांचं म्हणणं. उंच, बारीक, हवेतच वळणारा एक पोरगा होता, तो वाकटी, त्या पट्टीसारख्या लांब माशावरून. हात फाकवून समोरच्याला अडवणारा आडव्या अंगाचा गडी, तो खेकडा. आणि एक होता थोरला. वीसएक वर्षं खेळत आलेला, केस विरळ झालेले, पण तो उतरला की आख्खं मैदान ताठ बसायचं. संघ ओळखायचे ते रंगावरून. महिन्याभरात मीही कंपनीच्या कॅन्टीनमध्ये "आज वाकटीनं हिरव्यांचा पार चुराडा केला" असं बोलून गेले आणि समोरच्या बायका डबा खायच्या थांबल्या.

काकींची मतं म्हणजे दगडावरची रेघ. त्या अमेरिकेतल्या लीगमध्ये आधी प्रत्येक संघ ऐंशीच्या वर सामने खेळतो आणि मग वरचे संघ प्लेऑफला जातात. काकींच्या मते ते ऐंशी सामने म्हणजे भांगाचं पाणी, आणि प्लेऑफ म्हणजे उधाण. भांगात समुद्राला ओढ नसते, त्यात होडी कुणीही हाकेल, तिथल्या गमज्या त्यांना सांगायच्या नाहीत. उधाणात जाळं टिकतं का ते बघायचं. प्लेऑफमध्ये एकाच संघाशी सात सामने, त्यातले चार जिंकायचे, ही पद्धत त्यांना फार पटलेली. म्हणायच्या, "एक सामना हरला तर नशीब. चार हरला तर तो तूच."

पंचांना त्यांनी कधी शिवी दिली नाही. वाऱ्याला शिव्या घालून होडी पुढं जात नाही, मग तोंड कशाला खराब करायचं? पण अजिंक्यपदासाठी आपला संघ सोडून आधीच भारी असलेल्या संघात जाणारा खेळाडू दिसला, की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. दुसऱ्याच्या भरल्या जाळ्याला येऊन हात लावला, त्यात कसली मर्दुमकी, मेल्या! असं म्हणून हातातला बोंबील इतक्या जोरात दोरीवर मारायच्या, की वलांडी हलायची.

भाकितं तर विचारू नका. मी राहायला गेले त्याच्या पुढच्या वर्षी निळे सगळ्यांच्या वर होते, कुणाला ऐकत नव्हते. काकी पहिल्याच फेरीत म्हणाल्या, हे जाणार. का, तर त्यांचे बाकावरचे गडी टॉवेल हलवत नाहीत. मला हसू आलं. सहाव्या सामन्यात निळे गेले. तेव्हापासून मी हसायचं सोडलं आणि नुसतं विचारायला लागले. त्या सांगायच्या, चेंडू बघू नको, चेंडू बघणारा फसतो, पाय बघ. मासळी घेताना तू अंग बघतेस म्हणून तुला शिळी मिळते, कानपाट, कल्ल्यावरचं झाकण, उघडून बघ. खेळाडूचं कानपाट म्हणजे पाय. असं शिक्षण मला कॉलेजात मिळालं असतं, तर मी आज कुठल्या कुठं असते.

आमच्या कंपनीत लुधियानाचा एक इंजिनिअर होता, विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळलेला. मी काकींचं सांगितलं तेव्हा तो मोठ्यानं हसला आणि म्हणाला, चलो, देखते हैं. रविवारी सकाळी आला. रस्त्यापासून अंगणापर्यंत वाळूतून चालत आला तेवढंच. काकींनी वर बघितलं आणि आपल्या हिंदीत विचारलं, "डावा गुडगा कब गया तुमारा?" त्याचा चेहराच उतरला. त्याच गुडघ्यापायी त्याचा खेळ सुटला होता आणि कंपनीत हे कुणालाही माहीत नव्हतं. मग दोन तास तो वलांडीखाली उकिडवा बसून प्रश्न विचारत होता आणि काकी बोंबील अडकवत उत्तरं देत होत्या. जाताना त्यानं वाकून पायांना हात लावला. काकी म्हणाल्या, मासळीचे हात हायत माजे, आशीर्वाद कसा देऊ? तरी त्यानं डोकं पुढं केलंच.

या सगळ्यात काकींच्या नवऱ्याला काहीही रस नव्हता. सगळं गाव त्यांना तांडेल म्हणायचं, म्हणजे बोटीचा मुख्य, सुकाणू धरणारा. चाळीसहून जास्त वर्षं त्यांनी दर्यात बोट नेली. गावातले निम्मे नाखवे त्यांच्या हाताखाली शिकलेले, शेजारच्या गावांतलेही. बोलणं कमी. बोटीवर नसले की टीव्हीकडे पाठ करून जाळं शिवत बसायचे. काकी इकडे जीव तोडून कोचला अक्कल शिकवत असायच्या आणि तांडेल सुई ओवत असायचे. काकी त्यांना दगड म्हणायच्या. दगडाला पाझर फुटेल, पण या माणसाला वाकटी कोण ते कळणार नाही.

मी तिथं राहायला लागून चौथं वर्ष. एप्रिलचा शेवट, प्लेऑफ नुकतं सुरू झालेलं. थोरल्याचं त्या वर्षी काही खरं नव्हतं. मन पुढं धावायचं आणि पाय मागं राहायचे. कोच त्याला काढत नव्हता, आणि काकी कोचवर नुसत्या आग पाखडत होत्या. भित्रा मेला, म्हणायच्या, पोरगे बाकावर कुजतायत आणि हा म्हाताऱ्याच्या तोंडाला भितोय.

त्या दिवशी मुलगा बोटीवरून आला तो सरळ अंगणात. काकींचा एकुलता एक, तिशीतला, बापाच्याच बोटीवर. आईच्या शेजारी वलांडीचा बांबू धरून उभा राहिला. मग हळूहळू सांगितलं.

डोळ, म्हणजे समुद्रात खुंटाला बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं, कुठंही मांडता येत नाही. प्रत्येक बोटीची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली, आणि ती ओळखायची किनाऱ्यावरच्या खुणांवरून. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराचा सुळका एका रेषेत आला की ती आपली जागा. मुलाकडे जीपीएस होतं, पण तांडेल त्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, आणि बापानं जागा धरल्यावर यंत्र काढून बघायची मुलाची छाती नव्हती. किनाऱ्याला नवी पांढरी पाण्याची टाकी झाली होती. तांडेलांनी ती टाकी कळस म्हणून धरली. जाळं जाऊन मांडलं ते शेजारच्या गावाच्या बोटीच्या जागेवर.

मी देशावरची, पण एवढं मलाही कळत होतं. या किनाऱ्याला यावरून डोकी फुटतात, जाळी कापली जातात, गावं एकमेकांशी बोलायची बंद होतात. मी विचारलं, भांडण झालं का?

"नाय ना," मुलगा म्हणाला. "भांडले असते तर बरं होतं. त्यांनी जाळं काढलं, धुतलं, आनि बोटीला बोट लावून परत दिलं. बाबांना रामराम केला. कोन हसलं पन नाय, आय."

काकींचे हात थांबले. चार वर्षांत सामना चालू असताना ते हात थांबलेले मी पहिल्यांदा बघितले.

मुलाचं म्हणणं एवढंच होतं, की आईनं बापाला सांगावं. आता सुकाणू सोडा. आज चुकीची जागा धरली, उद्या धुक्यात खडक दिसला नाही तर बोटीवर पाच माणसं आहेत. त्याच्या स्वतःच्या तोंडून हे निघणार नाही. काकींनी हातातली जोडी दोरीवर टाकली. मग म्हणाल्या, आज नाही. तोवर तू त्यांच्या बाजूला बसत जा, यंत्र मांडीत ठेव, चुकलं तर हळू सांग, जणू तुलाच शंका आली. आणि खलाशांसमोर त्यांना खाली बघायला लावू नको.

एक आठवडा गेला, दोन गेले. काकी तांडेलांकडे विषय काढेनात. बोट गेली की यायच्या वेळेपर्यंत त्यांचा जीव टांगलेला असायचा. सामना लावायच्या, पण मध्येच मला विचारायच्या, कोण पुढं आहे? काकींनी मला गुणफलक विचारावा! मला राग यायला लागला होता. मी तोंडाळ बाई, माझ्या पोटात काही राहत नाही. एका सकाळी मी सरळ म्हणाले, "काकी, तुम्ही त्या कोचला भित्रा म्हणता. तुमचं काय चाललंय मग?"

त्या रागावल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. टोपली खाली ठेवली आणि माझ्याकडे वळल्या.

"बाय, हरताना गडी मैदानातून उटवला तर ती शिक्षा," त्या म्हणाल्या. "वीस गुनांनी पुढं असताना उटवला, आनि लोकं उबी राहून टाळ्या वाजवतात, तर तो मान. मानूस तोच, बाक तोच. पुढची वीस वर्षं तो कोन म्हनून जगनार, ते त्या येका मिनिटात ठरतं. यांना मी हरताना नाय उटवनार."

हे तत्त्वज्ञान त्या टीव्हीसमोर शंभरदा बोलल्या होत्या. पण मे महिना चालू होता, मासळी विरळ झाली होती आणि एक जूनपासून पावसाळ्याची मासेमारी बंदी. पुढं दोन महिने बोटी किनाऱ्याला. त्याआधी एकही फेरी चांगली आली नाही, तर तांडेल ऑगस्टमध्ये पुन्हा सुकाणूला उभे राहणार, नाहीतर काकींना त्यांना रिकाम्या बोटीवरून उतरवावं लागणार. बोट यायची आणि तळाला दोन टोपल्या जवळा. पुन्हा यायची आणि तेच. काकी रोज खाडीवर जायच्या, बोटीत डोकावायच्या आणि काही न बोलता टोपली उचलून परत यायच्या.

मे संपायला चार दिवस राहिले. रविवार होता, मी घरीच. उपांत्य फेरीचा सातवा सामना, हिरव्यांचा आणि वाकटीच्या संघाचा. शेवटचा क्वार्टर, एका गुणाचं अंतर. असला सामना पाच वर्षांतून एकदा होतो, असं काकीच सकाळी म्हणाल्या होत्या. तेवढ्यात फोन वाजला. मुलगा होता, बोट भरतीबरोबर खाडीत शिरत होती. तो एवढंच म्हणाला, की आय, दाढे लागलेत, बोट भरलीय, आणि जागा बाबांनीच धरली, मी तोंड नाही उघडलं.

दाढा म्हणजे इथला मानाचा मासा, आणि मेच्या अखेरीला बोटभर मिळणं म्हणजे नवलच. काकींनी फोन ठेवला. टीव्हीकडे एकदाही बघितलं नाही. सातव्या सामन्याची शेवटची चार मिनिटं तशीच टाकून, हातही न धुता, टोपली उचलून त्या खाडीकडे चालू लागल्या. मी मागं धावले. त्यांचं वय पासष्टच्या पुढं, पण मला त्यांना गाठता येईना.

खाडीच्या काठाला नेहमीसारख्या बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. बोट येताना दिसली, पाण्यात खोल बसलेली. मुलगा पुढं दोरी घेऊन उभा, आणि मागं सुकाणूवर तांडेल, छाती काढून ताठ, डोळे बारीक केलेले. त्यांनी बोट अशी वळवून काठाला लावली, की धक्का म्हणून जाणवला नाही. मासे बघून बायकांचा गलका झाला.

काकींनी टोपली चिखलात ठेवली आणि टाळ्या वाजवायला लागल्या.

दांडीत टाळ्या वाजतात त्या आरतीला. मासे घेऊन आलेल्या माणसासाठी आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. बायका वळून बघायला लागल्या. एकीनं पदर तोंडाला लावला. काकी थांबल्या नाहीत, ताठ उभ्या राहून, हात वर धरून वाजवत राहिल्या. मीही सुरू केलं. मग बोटीवर मुलानं दोरी खाली टाकली आणि बापाकडे तोंड करून तोही वाजवायला लागला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते बघून खलाशी लागले, मग कारण न कळता बायकाही लागल्या. सबंध काठ टाळ्या वाजवत होता.

तांडेल सुकाणू धरून उभे. आधी त्यांनी मागं वळून बघितलं, दुसरी कुणाची बोट आली का म्हणून. मग मुलाकडे बघितलं. मग काकींकडे. आणि मी शपथेवर सांगते, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं की त्यांना सगळं कळलंय. इतकी वर्षं टीव्हीकडे पाठ करून सुई ओवणाऱ्या त्या दगडानं बायकोचा एकेक शब्द ऐकला होता.

त्यांनी सुकाणूवरचा हात लगेच काढला नाही. आम्ही वाजवतच होतो. माझे तळवे झोंबायला लागले. मग त्यांनी मुलाला जवळ बोलावलं, त्याचा हात धरून सुकाणूवर ठेवला आणि बोटीवरून गुडघाभर पाण्यात उतरले. काकींच्या समोर येऊन उभे राहिले. काकींचे हात तेव्हा कुठं खाली आले. टाळ्या थांबल्या.

"पुढं होतो ना आपन?" त्यांनी विचारलं.

"वीसनं," काकी म्हणाल्या.

तांडेलांनी मान हलवली, आणि चिखलातून वर चढायला काकींपुढं हात केला.